सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं

मागच्या ऑक्टोबरात रायफलचा स्कोप, म्हणजे तिच्यावर बसवून नेम धरायची भिंगांची नळी, घरी आला तेव्हा मी खोकं जेवणाच्या टेबलावरच उघडलं. समोर बायको मेथी निवडत बसली होती. काळी नळी, दोन्ही टोकांना रबरी टोप्या, भिंगावर तिरकं पाहिलं की दिसणारी जांभळट-हिरवी झाक. तिने किंमत विचारली, मी सांगितली. दीडशे डॉलरच्या आसपास. मग बोलण्याच्या भरात मी पुढचंही सांगून टाकलं : हा सध्यापुरता आहे, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतोय, दोन-तीन वर्षांत चांगला घ्यायचा, त्यातून संध्याकाळचं कितीतरी जास्त दिसतं. तिने हातातली काडी मोडली आणि विचारलं, "म्हणजे यातून कमी दिसतं?" थोडं कमी, मी म्हणालो. "मग कमी दिसतंय हे माहीत असताना यावर्षी मारणार?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला पटकन काही सुचलं नाही, तोवर तिने मेथीची दुसरी जुडी सोडली आणि विषय मुलीच्या शाळेकडे गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही.

आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या आठवड्यात ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, पेट्रोल पंपावर भडक नारिंगी जॅकेटं घातलेली माणसं कॉफीसाठी रांगेत उभी असतात आणि त्यांच्या गाड्यांना चिखल लागलेला असतो. सुरुवातीची बरीच वर्षं मी हे सगळं खिडकीतून पाहिलं. मॅडिसनच्या पश्चिमेला ज्यांच्याकडून आम्ही अंडी आणि मका घेतो, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला यात आणलं. त्या भागापर्यंत हिमयुगातल्या हिमनद्या पोहोचल्याच नव्हत्या, त्यामुळे बाकीचं राज्य सपाट असलं तरी इथे डोंगर, घळी, वळणावळणाचे ओढे आहेत. पहिल्यांदा तिथल्या धारेवर उभा राहिलो तेव्हा मला संगमेश्वरच्या वरची सड्यांची रांग आठवली. झाडं ओळखीची नव्हती, उतार ओळखीचा होता. आजोबांनी, म्हणजे मी त्यांना आजोबाच म्हणतो आणि त्यांना ते आवडतं, आधी मला राज्याच्या शिकारी-सुरक्षेच्या वर्गाला पाठवलं, मग दोन हंगाम नुसतं शेजारी बसवलं. ग्रीन कार्ड झाल्यावर मी एक जुनी .३०८ रायफल घेतली. तिच्यावर स्कोप नव्हता.

स्कोप घेणं हा प्रकार दुकानात गेल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानात गेल्यावरही लगेच कळत नाही. काउंटरच्या काचेखाली दीडशेपासून दोन हजार डॉलरपर्यंतचे स्कोप ओळीने मांडलेले असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात समोरच्या भिंतीवरचं पोस्टर सगळ्यांतून सारखंच स्वच्छ दिसतं. आपल्याला वाटतं, मग फरक कसला? काउंटरवरचा माणूस भला होता. त्याने मला बंद व्हायच्या वेळेला यायला सांगितलं, दोन स्कोप हातात दिले आणि दाराशी उभं केलं. बाहेर वाहनतळाच्या पलीकडे पाइनची रांग होती आणि दिवे अजून लागायचे होते. स्वस्तातल्या स्कोपमधून त्या झाडांखाली एक गडद पट्टा दिसत होता. महागातल्या स्कोपमधून त्याच पट्ट्यात खोडं वेगळी दिसत होती, खोडांमधलं गवत दिसत होतं, गवतात कुणीतरी टाकलेला पुठ्ठ्याचा पेला दिसत होता. पैसे कशाचे पडतात ते त्या पाच मिनिटांत मला समजलं.

खरं म्हणजे हे भौतिकशास्त्र सगळ्यांना लागू आहे. साध्या काचेचा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे चार टक्के परत फेकतो. स्कोपमध्ये भिंगं अनेक, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे उजेड हप्त्याहप्त्याने गळत जातो. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अगदी पातळ थर चढवून ही गळती थोपवायची युक्ती काढली, आणि आज स्वस्तातल्या खोक्यावरही 'फुली मल्टिकोटेड', म्हणजे सगळ्या भिंगांवर अनेक थर, असं लिहिलेलं असतं. पण थरांची प्रत, काचेची प्रत, नळीच्या आत भटकणारा उजेड गिळायला केलेला काळा रंग, यांत फरक राहतोच. दुसरा हिशेब सोपा आहे आणि तो फुकट आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे स्कोप वस्तू किती पटींनी मोठी दाखवतो तो आकडा. चाळीस मिलिमीटरचं भिंग आणि नऊ पट, तर डोळ्यापाशी येणारी उजेडाची चकती जेमतेम साडेचार मिलिमीटर. तोच स्कोप सहा पटींवर आणला की चकती साडेसहाच्या वर जाते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयाला त्याहून कमी. म्हणजे तिन्हीसांजेला पट वाढवला की चित्र मोठं होतं आणि काळवंडतं, कमी केला की उजळतं. नवख्या माणसाचा हात नेमका उलटीकडे जातो.

त्याच दीडशे डॉलरमध्ये सहा ते चोवीस पटींचे स्कोपही मिळतात. माझं ठाम मत आहे की ते घेऊ नयेत. त्या किमतीत चोवीस पट दिसण्यासाठी कुठेतरी काटकसर झालेली असणार, आणि ती बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी होते. स्कोपच्या आत एक छोटी नळी असते, ती स्प्रिंगच्या दाबावर उभी असते, आणि आपण वरचं आणि बाजूचं बटण फिरवतो तेव्हा तीच केसभर हलते. रायफलच्या प्रत्येक धक्क्याला त्या स्प्रिंगने तिला जागेवर धरून ठेवायचं असतं. ती ढिली पडली की काच कितीही सुंदर असो, स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. म्हणून मी तीन ते नऊ पटींचा, चाळीस मिलिमीटरचा, साध्या फुलीचा घेतला. बाहेरच्या बाजूला जाड आणि मध्यावर बारीक होणारी ही फुली ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये आणली, आणि आजही अंधूक उजेडात डोळा त्या जाड रेघांवरून आपोआप मध्याकडे येतो. उजेड कमी मिळाला तर मी तो मान्य करून थांबू शकतो. नेम सरकलेला असेल तर ते मला कळणारही नाही, आणि त्याची किंमत हरीण देईल.

एवढं बायकोला त्या रात्री सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या गावच्या घरी माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. मला आठवते ती भिंतीवर दोन खुंट्यांना आडवी टांगलेली. निवडणूक आली की ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हे घरातलं ठरलेलं काम. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरत. आजोबा शेताच्या कडेला माळ्यावर बसत, कधीकधी मलाही नेत. माझ्या लहानपणी ते नुसती दारू ठासून हवेत बार काढायचे, छर्रे घालायचे नाहीत. तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा आणि मग खाली चिखलात पळापळ ऐकू यायची. त्याआधीच्या काळात ते खरी शिकार करत, हे मला काकांकडून कळलं. तेव्हा नेमाला काय होतं, तर नळीच्या टोकावर बसवलेला पितळेचा एक मणी. काच नाही, फुली नाही. काका सांगायचे की चांदणं मावळलं की आजोबा माळ्यावरून उतरून सरळ घरी यायचे, डुकरं शेतात असली तरी. दुसऱ्या दिवशी आडवं पडलेलं भात बघून आजी बोलायची. ते ऐकून घ्यायचे. मणी दिसेनासा झाला की त्यांचं काम संपलं, एवढंच. जखमी डुकराला काट्याकुट्यातून शोधत जाण्याची वेळ त्यांनी एकदा दुसऱ्यावर आलेली पाहिली होती, आणि ते त्याबद्दल फारसं बोलत नसत.

स्कोप बसवण्याचं काम मी घरीच, तळघरात केलं. ते करताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा स्पिरिटने पुसल्या, रायफल समपातळीत धरली, आणि फुलीची उभी रेघ खरोखर उभी आहे का हे पाहायला बागेतल्या मेपलच्या फांदीला ओळंबा टांगला. दोरी माझीच, लोलक म्हणून एक जाड नट. खिडकीतून त्या दोरीवर रेघ जुळवली, तिरकी दिसली, परत सैल केली, परत जुळवली. स्क्रू आवळताना हाताला अंदाज येत नाही, म्हणून किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क ड्रायव्हर घेतला. रिंगांच्या स्क्रूंना साधारण पंधरा ते अठरा इंच-पाउंड पुरतात, त्याहून जास्त आवळलं तर नळी दबते आणि आतली हालचाल अडते. डोळा आणि मागचं भिंग यांत साडेतीन इंच ठेवायचे. कमी ठेवले तर धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईवर येते, आणि इथे नोव्हेंबरात भुवईवर अर्धचंद्राकृती खोक घेऊन फिरणारी माणसं दिसतातही. हिवाळी जॅकेट घालून हे अंतर मोजायचं असतं, कारण जॅकेटच्या जाडीने दस्ता पुढे ढकलला जातो.

मग नेमबाजीच्या रेंजवर. शंभर यार्डांवर कागद, वाळूच्या पिशवीवर रायफल. बटणाचा एक खटका म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. नेम जुळल्यावर मी चौकोनाची परीक्षा घेतली : एक गोळी, मग वीस खटके वर आणि एक गोळी, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी जायला हवी. गेली. दोन भोकांच्या कडा एकमेकींना लागल्या होत्या. मी तो कागद घडी करून घरी आणला आणि रायफलच्या पिशवीत ठेवला. शेजारच्या बाकावर एक माणूस ऑस्ट्रियन स्कोप लावून बसला होता. त्याने न विचारताच मला त्यातून पाहायला दिलं. मागच्या टेकाडावरच्या ओकच्या सालीतल्या भेगा मोजता आल्या असत्या. मी पाहत राहिलो, तो काही बोलला नाही. घरी येताना गाडीत मला माझ्या स्कोपबद्दल थोडं वाईट वाटत होतं, आणि पिशवीतल्या कागदामुळे थोडं समाधानही. दोन्ही एकदम.

हंगामातली एक संध्याकाळ सांगतो. मी ओकच्या झाडावर बांधलेल्या माळ्यावर, ट्री-स्टँडवर होतो, समोर कापलेल्या मक्याचं शेत, पलीकडे झुडपांची कड. थंडीने पायाची बोटं बधिर झाली होती आणि मफलरमधून सुटणारा श्वास भिंगावर जाऊ नये म्हणून मी मान वळवून बसलो होतो. इथे हरणांवर सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत गोळी चालवायची मुभा आहे. सूर्य गेला. मक्याची खुंटं पिवळ्याची राखाडी झाली. आणि कडेवर हरणं आली, आधी एक, मग तिच्या मागे आणखी. दुर्बिणीतून मला त्या माद्या आहेत हे कळत होतं. रायफलच्या स्कोपने कधी चाचपडायचं नाही, आधी दुर्बिणीने खात्री करायची आणि मगच रायफल उचलायची, हे वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात. मी रायफल उचलली, पट सहावर आणला. हरीण दिसत होतं. पण पुढच्या पायामागची ती जागा, जिथे काळीज आणि फुप्फुसं असतात, जेमतेम आठ इंचांची, ती मागच्या झुडपाच्या तपकिरीत मिसळत होती. खांदा कुठे संपतो आणि झुडूप कुठे सुरू होतं हे मला ठामपणे सांगता येत नव्हतं. घड्याळात अजून वेळ शिल्लक होता. मी रायफल खाली घेतली, गोळ्या काढल्या आणि दोरीने रायफल खाली सोडली. दूर कुठल्या तरी दुसऱ्या घळीतून एक बार ऐकू आला. तिथे कुणाला तरी दिसत होतं.

उतरताना मला समाधान वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. चिडचिड होत होती. हजार डॉलरच्या वरचा स्कोप असता तर ती जागा दिसली असती, हे मला दुकानाच्या दाराशीच कळलं होतं. मी ज्यासाठी पैसे साठवतोय ती वस्तू म्हणजे नेमकी ही वीस मिनिटं आहेत, आणि हरणं उघड्यावर येतात ती बहुतेक याच वीस मिनिटांत. त्याच वेळी, आजोबांच्या, इथल्या आजोबांच्या रायफलवर ठरावीक चार पटींचा एक जुनाट स्कोप आहे, बत्तीस मिलिमीटरचा. भागाकार केला तर आठ मिलिमीटरची चकती, म्हणजे डोळ्याला झेपेल त्याहून जास्त उजेड. आयुष्यभर त्यांनी तोच वापरला. ते फार लांबवर मारत नाहीत, ऐंशी यार्डांच्या आत हरीण कुठल्या वाटेने येईल हे त्यांना ठाऊक असतं, आणि तिथेच ते बसतात. त्यांना मी विचारलं होतं की चांगला स्कोप घेऊ का. ते म्हणाले, घे की, पण आधी वारा शीक.

आमचं घर असंच चालत आलेलं आहे. आई भिशी लावायची. तोवर जर्मनच्या पातेल्यात भात शिजायचा, आणि भिशीचा नंबर लागला की स्टीलचं यायचं. जर्मनचं पातेलं आई तितक्याच निगुतीने घासायची, जाणार आहे म्हणून त्याला आपटलं नाही. माझं पाकीट स्वयंपाकघरातल्या खणात आहे, त्यात महिन्याला काही नोटा जातात. या वसंतात त्यातले बरेचसे विमानाच्या तिकिटात गेले, कारण आईचा मोतीबिंदू पिकला होता. रत्नागिरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लेन्सचे दर लिहिलेला एक छापील कागद हातात दिला. देशी, परदेशी, आणि सगळ्यात महाग ती जवळचं आणि दूरचं दोन्ही दाखवणारी. मी अर्थात महागड्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की त्या लेन्समध्ये उजेड वाटला जातो, त्यामुळे काही जणांना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंधुकात फरक कळायला जरा कठीण जातं. आई लगेच म्हणाली, "पोथी मी चष्मा लावून वाचीन. मला तिन्हीसांजेला वाटेवरचं जनावर दिसायला हवं." तिला साप म्हणायचं होतं, तिन्हीसांजेचं ती नाव घेत नाही, बोलतानाही नाही. साधी, एकाच अंतराची लेन्स बसवली.

दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या खिडकीचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्याने ते मुकाट सहन केले, हे पाहून हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. पट्टी काढल्यावर आईने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की तुझे केस एवढे पांढरे झालेत हे फोनवर दिसत नाही.

परत आल्यावर एका रात्री मी बायकोला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ती विसरलेली नव्हती. म्हटलं, हो, यावर्षीही मारणार, पण यातून जेवढं दिसतं तेवढ्यावरच. सव्वाशे यार्डांच्या आत, आणि सूर्य मावळला की खाली. स्कोप साधा आहे म्हणून माझं मैदान लहान आहे, हरणाचा धोका मोठा नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि चांगला आला की मैदान मोठं करणार?" मी विचार करून म्हणालो की वेळ थोडी वाढवीन, अंतर नाही. ती मटण खाते, पण शिकारीच्या दिवसांत तिचं जेवण कमी होतं, हे मला माहीत आहे. या भागातल्या हरणांत २००२ पासून मेंदूचा एक असाध्य रोग आढळतो, म्हणून मारलेल्या हरणाचा नमुना तपासायला द्यायचा आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये थांबवायचं. त्या दिवसांत फ्रीजर उघडताना तीही गप्प असते आणि मीही.

पाकीट पुन्हा भरायला लागलंय. साठवणुकीची वस्तू मात्र बदलली आहे. आधी मनात चार ते सोळा पटींचा, जाड नळीचा, मोठ्या बटणांचा होता. आता मी साध्या सहा पटींच्या, बेचाळीस मिलिमीटरच्या स्कोपकडे पाहतोय, ज्यात फिरवायला काही नाही आणि सगळे पैसे काचेत गेलेले आहेत. बेचाळीस भागिले सहा, सात मिलिमीटर. तोही मी माझ्या रायफलवर लावणार नाही. मुलगी शिकारी-सुरक्षेच्या वर्गाला जाते म्हणते आहे. तिने ठरवलेलं नाही, आणि मी तिला आग्रह करणार नाही. पण ती आलीच, तर तिच्या हातात कमी दिसणारी काच द्यायची नाही. मला कुठे थांबायचं ते ठाऊक आहे, तिला ते अजून शिकायचंय. इथल्या आजोबांकडे नातवंडांची एक .२४३ रायफल आहे, धक्का कमी, तिच्या खांद्याला झेपेल. नवा स्कोप त्या रायफलवर चढेल, आणि माझा हा दीडशेचा माझ्याकडेच राहील. फक्त मुलीची मान आणि हात माझ्यापेक्षा आखूड, त्यामुळे रिंगा सैल करून स्कोप चांगला बोटभर मागे घ्यावा लागेल, आणि तोही तिला हिवाळी जॅकेट घालायला लावून.